माडीवरचा प्रिंटर

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे बोर्ड रंगवण्याचे दुकान आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते ब्रशवर उभे केले. मी त्यात रेडियम कापायचा दोन फुटी प्लॉटर आणला आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा ब्रश आणि माझा प्लॉटर यांच्यावर आमचे घर चालले. छापील काम मात्र आम्ही बाहेरून करून घेत असू. संध्याकाळी कराडच्या एका प्रेसला फाइल पाठवायची, रात्री तिथे छपाई व्हायची आणि सकाळच्या एसटीच्या पार्सलमधून गुंडाळी कुंभार्ली घाट उतरून यायची, असा क्रम ठरलेला होता. पावसाळ्यात घाटात दरड आली की गिऱ्हाईक दुकानात आणि मी बसस्थानकावर, असे दिवस जात.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले आणि इतर सगळ्यांप्रमाणे आमचाही तळमजला गेला. प्लॉटर, संगणक, रोल, अण्णांचे रंगांचे डबे, काहीही हाती लागले नाही. त्यानंतरच्या वर्षभरात मात्र आम्हाला कधी नव्हे इतके काम आले, कारण बाजारातल्या बहुतेक पाट्या नव्याने करायच्या होत्या. त्यातच मार्च २०२२ मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही ठरले. कराडच्या प्रेसची महिन्याची बिले मी एका रात्री ओळीने मांडली आणि एका यंत्राचा हप्ता जवळजवळ त्यांतून निघतो आहे, असे दिसले. हा हिशेब पुढे बराच अपुरा ठरला, पण निर्णय त्याच रात्री झाला.

कोणते यंत्र घ्यायचे, यात मी तीन महिने घालवले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. बॅनर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा फुटी सॉल्व्हंट, म्हणजे द्रावकाच्या शाईचे, यंत्र येते. ते फ्लेक्सवर झपाट्याने छापते आणि त्याची शाई उन्हापावसात टिकते, पण तिचा वास उग्र असतो आणि त्याची छपाई लांबून पाहण्यासाठी असते. शिवाय फ्लेक्सच्या धंद्यात चौरस फुटामागे एका रुपयाच्या फरकाने गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. माझ्या बिलांमध्ये फ्लेक्स कमी होता आणि दुकानांच्या पाट्या, काचेवरचे विनाइल (चिकट पाठीचे प्लास्टिक), दवाखान्यातले सनबोर्डचे (हलक्या फोमच्या पाटाचे) फलक, टेम्पोच्या बाजूचे स्टिकर हे जास्त होते. ही सगळी हातभर अंतरावरून वाचायची कामे. त्यामुळे सहा फुटी इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकाच्या शाईचे, यंत्र घ्यायचे आणि फ्लेक्स कराडहूनच मागवायचा, असे मी ठरवले. विक्रेत्याने दोन हेडचे, म्हणजे शाई सोडणारे दोन भाग असलेले, यंत्र घेण्याचा खूप आग्रह केला. मी एकाच हेडचे घेतले. एप्सनच्या आय ३२०० या हेडमध्ये ३२०० नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रे, असतात, चार रंग धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ८०० येतात, आणि माझ्या कामाला तेवढी गती पुरेशी होती. करारात हेडला हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्या वस्तूला हमी नाही ती पहिल्याच वर्षी दोन-दोन बाळगण्याची माझी छाती नव्हती.

यंत्र पाहायला जाताना मी स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर नेत असे, आणि कोणी विचारले तर मी आजही हेच करायला सांगतो. विक्रेत्याकडचे नमुने, म्हणजे तो पोपट आणि ते फळांचे ताट, कोणत्याही यंत्रावर सुंदरच दिसतात. माझ्या फाइलमध्ये तीन गोष्टी होत्या : आठ मिलिमीटर उंचीच्या देवनागरी अक्षरांतला एक परिच्छेद, भगव्या रंगाचा सलग चौकोन आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू फिकट होत जाणारा करडा पट्टा. बारीक अक्षरांत वेलांटीच्या आणि मात्रेच्या कडा फाटतात की नाही ते कळते, सलग चौकोनात आडव्या रेघा उठतात की नाही ते कळते, आणि करडा पट्टा मध्येच हिरवट किंवा जांभळट झाला तर त्या यंत्रावर त्या माध्यमाचे, म्हणजे ज्यावर छापायचे त्या मालाचे, रंगांचे प्रोफाइल नीट बसवलेले नाही, असे समजावे. दोन ठिकाणी मला करड्यात चांगलाच हिरवा दिसला. तिसऱ्या ठिकाणी यंत्र घेतले.

कर्ज मुद्रा योजनेतून, पाच ते दहा लाखांच्या तरुण गटात झाले. उद्यम नोंदणी, कोटेशन, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि माझा स्वतःचा हिस्सा, यांत दीड महिना गेला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

जागेबद्दल मात्र सांगायला हवे. पुराच्या अनुभवानंतर यंत्र तळमजल्यावर ठेवायचे नाही यावर घरात एकमत होते, म्हणून माडीवरची खोली रिकामी केली. यंत्राची लांबी साडेनऊ फूट, वजन अडीचशे किलोच्या आसपास आणि जिन्याला मध्यावर काटकोनातले वळण. मोजमापाचाच धंदा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने खोली मोजली, दार मोजले आणि जिन्याचे वळण मोजायचे विसरला. शेवटी गॅलरीचा कठडा काढून, वरच्या तुळईला चेनपुली बांधून, आठ माणसांनी पेटी रस्त्यावरून वर घेतली. अण्णा समोरच्या फुटपाथवर उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, सावकाश, पैसे बँकेचे आहेत." खोलीत यंत्र भिंतीला चिकटवून चालत नाही, कारण रोल मागून चढवावा लागतो. मागे अडीच फूट आणि पुढे छापील माल उतरवायला चार फूट जागा सोडल्यावर पंधरा फुटांची खोली लहान वाटू लागली. लॅमिनेशनचे, म्हणजे छपाईवर पारदर्शक थर चढवण्याचे, यंत्र मग तळमजल्यावरच राहिले, चाकांवर.

जोडणीला आलेल्या तंत्रज्ञाने पेटी उघडण्याआधी खिशातून मल्टिमीटर काढला आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यामधला दाब मोजला. तो ११ व्होल्ट भरला. तो म्हणाला, "हे तीनच्या आत आल्याशिवाय मी यंत्राला वीज लावणार नाही. नंतर बोर्ड जळला तर तुम्ही मलाच फोन कराल." तेव्हा मला त्याचा राग आला होता, कारण त्याच्या मुक्कामाचा खर्च माझ्याकडे होता. आज वाटते की त्या पूर्ण आठवड्यात मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. हेडपर्यंत जाणाऱ्या केबली कागदासारख्या पातळ आणि चपट्या असतात, आणि भटका दाब त्यांतून फिरू लागला तर हेड किंवा मदरबोर्ड यांपैकी काहीतरी जाते. दुसरे असे की विनाइल रुळांवर घासत पुढे सरकते तेव्हा त्यावर स्थिर विद्युत साठते. तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही तर शाईचे बारीक थेंब जिथे पडायचे तिथे न पडता आजूबाजूला धुक्यासारखे उडतात आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात.

आमच्या घराचे अर्थिंग जुन्या पाइपाला जोडलेले होते आणि खाली सगळा जांभा. जांभ्याचे कातळ पावसाळ्यात ओल धरते, पण डिसेंबरनंतर ते इतके कोरडे होते की त्यात पुरलेला पाइप जवळजवळ अधांतरीच असतो. परसात विहिरीच्या बाजूला, जिथे बाराही महिने ओल असते तिथे, दहा फूट खोल भोक पाडून त्यात केमिकल अर्थिंगचा पाइप आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरले आणि तिथून यंत्रापर्यंत स्वतंत्र तांब्याची पट्टी आणली. दाब दीड व्होल्टवर आला. या कामाला तीन दिवस लागले आणि माझ्या मूळ अंदाजपत्रकात त्यासाठी एक पैसाही धरलेला नव्हता. त्याच अंदाजपत्रकात ऑनलाइन यूपीएस, एअर कंडिशनर, शाईची वाफ बाहेर टाकणारा पंखा आणि आर्द्रता दाखवणारे घड्याळ याही गोष्टी नव्हत्या. यंत्राच्या किमतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा खोलीवर गेला. इको-सॉल्व्हंट शाईला वास कमी असतो, पण वाफ असतेच, आणि बंद खोलीत दिवसभर बसणाऱ्याला संध्याकाळी डोके दुखू लागल्यावर ती कळते.

प्रत्यक्ष जोडणीचे दोन दिवस मी वहीत टिपणे घेत बसलो होतो. आधी पाणसळ लावून यंत्र समतल केले, कारण जुन्या माडीचा उतार डोळ्यांना दिसत नव्हता तरी एका टोकाला चार मिलिमीटर भरला. मग हेड बसवणे, डॅम्पर (हेडला शाई पुरवणारी छोटी डबी) जोडणे, शाई खेचून घेणे. शाईचा एक थेंब जरी केबलच्या जोडावर पडला तरी हेड जळू शकते, म्हणून डॅम्परला हात लावण्याआधी यंत्र नुसते बंद न करता प्लगच काढायचा, ही सवय तेव्हाच लागली. त्यानंतर जुळणीच्या परीक्षा झाल्या : हेड सरळ उभे आहे की कललेले, जाताना आणि येताना पडणारे थेंब एकाच रेषेवर येतात की नाही, आणि प्रत्येक पासनंतर, म्हणजे हेडच्या एका फेरीनंतर, माध्यम नेमके किती पुढे सरकते. या शेवटच्या गोष्टीला आम्ही स्टेप म्हणतो. ती जास्त झाली तर छपाईत पांढऱ्या रेघा येतात, कमी झाली तर थर एकमेकांवर चढून गडद रेघा येतात. तंत्रज्ञाने विनाइलसाठी ती बसवून दिली आणि तो गेला. पुढच्या आठवड्यात मी कॅनव्हासचा रोल चढवला आणि पुन्हा रेघा आल्या. माध्यम बदलले की स्टेप बदलते, हीटरचे तापमान बदलले तरी बदलते, आणि ती त्या त्या माध्यमाच्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये जपून ठेवायची असते, हे त्याने सांगितलेही असेल. माझ्या वहीत ते नव्हते.

पहिले पैसे देणारे काम एका दवाखान्याच्या दर्शनी फलकाचे होते. छपाई इतकी स्वच्छ आली की मी ती तासाभरात लॅमिनेट करून, सनबोर्डवर चिकटवून, संध्याकाळी पोचतीही केली. आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला की कडा वळू लागल्या आहेत. जाऊन पाहिले तर चारही बाजूंनी विनाइल पानासारखे उचलले गेले होते. वरून कोरडी दिसणारी शाई आतून कोरडी झालेली नसते. तिच्यातला द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधीच वर लॅमिनेशनचा थर बसला तर द्रावक खाली उतरून विनाइल आणि गोंद दोन्ही मऊ करतो. आता छापलेला माल किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास, सैलसर गुंडाळून उभा ठेवतो आणि मगच लॅमिनेट करतो. घाईचे काम असेल तर "उद्या मिळणार नाही, परवा मिळेल" असे आधीच सांगतो. अण्णांना हे नवीन नव्हते. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, एवढेच त्यांनी फलक परत आणल्यावर म्हटले.

देवनागरीचा त्रास प्लॉटरच्या दिवसांपासूनचा आहे, तरी छपाईत तो वेगळ्या रूपात समोर आला. आपली अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांत किंचित घुसलेली असतात. प्लॉटरवर ती तशीच पाठवली तर सुरी प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा कापत जाते, म्हणून आधी कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये सगळे शब्द वेल्ड करून, म्हणजे जोडून एकसंध करून, घ्यावे लागतात. छपाईत शिरोरेषा कापली जात नाही, त्यामुळे मी वेल्ड करणे सोडून दिले, आणि एका मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर अक्षरांना पांढरी किनार दिली तेव्हा ती किनार प्रत्येक अक्षराच्या जोडावर आत शिरली. पडद्यावर लहान आकारात ते दिसले नव्हते. बारा फुटांच्या पाटीवर रस्त्यापलीकडून दिसले. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फाइलींत जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असतो आणि तो फाँट आपल्या संगणकावर नसला की "श्री गणेश प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. म्हणून मजकुराचे कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर केलेली, फाइल आणि सोबत मूळ मजकुराचा मोबाइलवरचा फोटो, असे दोन्ही मागून घेतो.

भगव्याचा प्रश्न तर घराघरातला आहे. पडद्यावरचा झळझळीत भगवा चार शायांतून तसाच कधी येत नाही, आणि कोणी किती किरमिजी (मॅजेंटा) घालावा यावर प्रत्येकाचे मत ठाम असते. मी किरमिजीचे प्रमाण ५० पासून ८० पर्यंत पाच-पाचने वाढवत, पिवळा १०० वर कायम ठेवून, सात चौकोनांची एक पट्टी छापली, क्रमांक घातले आणि काउंटरवर टांगली. गिऱ्हाईक बोट ठेवते आणि मी तो क्रमांक बिलावर लिहितो. ही पट्टी लावल्यापासून भगव्यावरून एकही काम परत आलेले नाही.

जुलै २०२३ हा यंत्राचा पहिला पावसाळा. दिवसा एअर कंडिशनर चालू असताना खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राहायची. वीज वाचवायला मी रात्री तो बंद करत असे, आणि विनाइलचा रोल यंत्रावरच चढवलेला ठेवून घरी जात असे. विनाइल स्वतः पाणी पीत नाही, पण त्याच्या पाठीचा कागद पितो. एका सकाळी मी आल्या आल्या छपाई सुरू केली आणि चहा घ्यायला खाली उतरलो. कागद रात्रभर ओल पिऊन फुगला होता, कडांना लाटा उठल्या होत्या आणि हेड माध्यमापासून दोनच मिलिमीटर उंचीवर धावत होते. जिन्यात असतानाच खर्रकन आवाज आला. धावत वर जाईपर्यंत हेडने लाटेवरून चार-पाच फेऱ्या मारल्या होत्या. नोझल तपासणीच्या कागदावर निळ्याची जागा दात पडलेल्या फणीसारखी दिसत होती. धुण्याच्या द्रावणात दोन रात्री भिजवून काही नोझल परत आली, तीसेक आली नाहीत. पुढचे पाच महिने मी चार पासचे काम आठ पासमध्ये छापून त्या रिकाम्या जागा झाकल्या, म्हणजे यंत्राची गती निम्म्यावर आली. डिसेंबरात नवे हेड घेतले. त्याची किंमत मी अण्णांना लगेच सांगितली नव्हती.

आता रोल रात्री यंत्रावर राहत नाही. तो उतरवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून ठेवतो. नवा आलेला रोल एक दिवस खोलीच्या हवेत ठेवल्याशिवाय चढवत नाही, पावसाळ्यात हेड थोडे वर घेतो, दोन्ही कडांवर दाबपट्ट्या लावतो आणि पहिले पाच मिनिटे यंत्राजवळून हलत नाही. एअर कंडिशनर रात्री कोरड्या हवेच्या स्थितीत चालू राहतो. त्याचे बिल येते, पण हेडच्या बिलाएवढे येत नाही.

यंत्र वापरले तर झिजते आणि बंद ठेवले तर बिघडते, आणि कोकणात हे दोन्ही एकाच महिन्यात घडते. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे दिवसरात्र छपाई चालते आणि चतुर्थीला दुकानाचे शटर पडते ते गौरी-गणपती जाईपर्यंत. हेड आठवडाभर निजले तर नोझलमधली शाई आटते. पहिल्या वर्षी, आधीच दुखावलेल्या हेडची धास्ती असल्यामुळे, मी आरती आणि जेवण यांच्यामध्ये मोटरसायकलवरून गावाहून चिपळुणात येत असे, कॅपिंग स्टेशनमध्ये, म्हणजे हेड झाकून ठेवणाऱ्या जागेत, द्रावण घालत असे, चारही रंगांची एक पट्टी छापत असे आणि परत जात असे. घरच्यांना ते वेड वाटले. दुसऱ्या वर्षी मुलगा ते करू लागला.

कराडची बिले वाचली, हे खरे, पण त्या रात्रीच्या हिशेबात मी शाई आणि विनाइल एवढेच धरले होते. एक पूर्ण महिना बाटल्यांची नोंद ठेवली तेव्हा चौरस फुटाला सरासरी एक मिलिलिटरच्या आसपास शाई लागते असे दिसले, आणि रोजच्या सफाईत जाणारी शाई वेगळी. खरी गळती विनाइलमध्ये होती. चार फुटी रोलवर सव्वातीन फुटांचे काम छापले की पाऊण फुटाची पट्टी कचऱ्यात जाते, आणि दर वेळी रोल पुढे घेताना सुरुवातीचा फूट-सव्वा फूट कोरा जातो. म्हणून लहान कामे दोन दिवस साठवून एकत्र मांडतो, उरलेल्या रुंदीत दुचाकीची स्टिकरे किंवा "येथे वाहने लावू नयेत" छापून घेतो. ती "येथे वाहने लावू नयेत" दुकानात आपोआप खपतात. फ्लेक्स अजूनही कराडहूनच येतो, आणि दहा फुटी यंत्र कधी घेणार असे विचारणाऱ्यांना मी आधी त्यांच्या जिन्याचे वळण मोजायला सांगतो.

रोज सकाळी दिवा लावल्यावर पहिले काम नोझल तपासणीचे. हातभर रुंद विनाइलच्या तुकड्यावर चार रंगांच्या बारीक रेघांची जाळी छापायची, तुटलेली रेघ असेल तर सफाई करायची, तारीख घालायची आणि तुकडा खिळ्याला अडकवायचा. महिना संपला की ते तुकडे अण्णांकडे जातात. त्यांच्या पाठच्या कागदावर ते पेन्सिलीने गिऱ्हाइकांच्या पाट्यांची मापे लिहून माझ्याकडे वर पाठवतात.